गादिफेलेच्या बोडक्या मानेच्या कोंबड्या

गादिफेलेनं आपल्या नणंदेच्या चाळीस कोंबड्या तंबाखूचा पाला चारून मारल्या, ही बातमी मोसेत्लेंगच्या पाण्याच्या नळावर जन्मली आणि दिवस मावळायच्या आत टॅक्सीच्या थांब्यापर्यंत चालत गेली. थांब्यावर तिला एक शेळीही येऊन मिळाली. बातमी खोटी आहे. कोंबड्या चाळीस नव्हत्या, एकोणीस होत्या. शेळीचा कशाशी संबंध नाही. आणि पाला म्हणाल तर गादिफेले तो कुणाला हुंगायलासुद्धा देणारी बाई नव्हे. त्या एकोणीस कोंबड्या मानमोडीनं मेल्या, दर तीन-चार वर्षांनी सगळ्या गावाच्या मरतात तशाच. त्यांनी कुठल्या अंगणात मरायचं, तेवढंच फक्त गादिफेलेनं ठरवलं.

आता एवढं सांगितलंच आहे तर मुळापासून सांगायला हवं.

गादिफेले चोपन्न वर्षांची. अंगानं रुंद, वरच्या दोन दातांत फट, आणि पायात बारा महिने हिरवे रबरी बूट. नवऱ्याच्या अंत्यविधीलाही ती तेच बूट घालून उभी होती. वर म्हणाली, त्यांनी मला दुसरे कधी घेऊन दिले होते का. गावाबाहेर डांबरी रस्त्यालगत लस बनवणाऱ्या संस्थेचं काचघर आहे, तिथे ती नऊ वर्षं पानं तोडते. झाडं तंबाखूच्या जातीतलीच, पण गरीब घरातली. मऊ, लुसलुशीत, आणि ओढायला एकदम कुचकामी. हे गावातल्या तीन म्हाताऱ्यांनी चोरून ओढून खात्री करून घेतलेलं आहे.

त्या झाडांचं काय करतात ते गादिफेले सगळ्यांना सांगायची, कुणी विचारलं नाही तरी. रोपं दीड महिन्याची झाली की ट्रेसकट उलटी करायची आणि पोलादी हंड्यातल्या पाण्यात डोकं खाली बुडवायची. त्या पाण्यात जंतू असतात, आणि त्या जंतूंच्या अंगात मानमोडीच्या रोगाचा एक तुकडा शिकवून ठेवलेला असतो. मग हंड्यातली हवा ओढून घ्यायची आणि एकदम परत सोडायची. पानं ते पाणी पिऊन भिजल्या फडक्यासारखी काळपट होतात. पुढचे सहा दिवस झाड आपल्या पानात तोच तुकडा बनवत बसतं, त्या बिचाऱ्याला काही ठाऊक नसतं. सातव्या दिवशी गादिफेले कात्री घेऊन येते. पानं वाटतात, गाळतात, साफ करतात, तेलात घोटतात, झाली लस. कोंबडीच्या अंगात गेली की कोंबडीचं रक्त त्या तुकड्याला ओळखून ठेवतं आणि खरा रोग आला की त्याला दारातच धरतं.

"म्हणजे झाडाला आजारी पाडून कोंबडीला बरं करायचं," असं कुणीसं म्हणालं.

"तुला आजारी पाडून कुणी बरं होत असतं तर तुलाही बुडवला असता," गादिफेले म्हणाली.

तिच्या जिभेचा हा नेहमीचा भाव. माणसांपेक्षा ती रोपांशी जास्त गोड बोलायची, आणि रोपांपेक्षाही गोड आपल्या कोंबड्यांशी.

त्या कोंबड्या होत्याच तशा. तिच्या आईच्या वंशातल्या, बोडक्या मानेच्या. मानेवर एक पीस नाही, लालबुंद कातडं, आणि खाली काळंपांढरं ठिपक्यांचं अंग. गाव हसायचं. "म्मा, तुझ्या कोंबड्या अर्ध्या सोलूनच जन्माला येतात, बाकीचं सोलायला कितीसा वेळ लागणार." गादिफेले हसायची नाही. चार वर्षांपूर्वीच्या मानमोडीत तिच्या एकतीसपैकी एक तलंग आणि एक कोंबडा, एवढेच राहिले. ती दोघं तिनं तीन आठवडे कपड्यांच्या कपाटात कोंडून जगवली. त्या तीन आठवड्यांत रविवारी चर्चमध्ये तिच्या बाकावर तिच्याशेजारी कुणी बसलं नाही. त्या दोघांपासून तिनं पुन्हा चोवीस कोंबड्या केल्या होत्या. आईची म्हणून तिच्यापाशी जगात दुसरी वस्तू नव्हती. घर दिराच्या नावावर, शेत गावाचं, आणि आईचा फोटो पुरात गेलेला. ह्या वेळी मानमोडी आली तर एकही मरू द्यायची नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. कुणाची, ते तिनं मनात सुद्धा स्पष्ट म्हटलं नव्हतं.

कुंपणापलीकडे तिची नणंद राहायची, केसेन्त्सेंग.

केसेन्त्सेंगबद्दल बोलताना आमचं गाव आवाज खाली आणायचं, आणि तरी तिला ऐकू जाईल एवढा ठेवायचं. ती रुस्टेनबर्गकडच्या सासरहून एक पेटी घेऊन परत आली होती. तीन बाळंतपणं झाली, पाळणा एकही हलला नाही. सासूनं पेटी स्वतः बांधून दिली म्हणतात. तेव्हापासून गावानं ठरवून टाकलं की हिच्या हाताला जीव टिकत नाही. कुणी तिला मूल धरायला द्यायचं नाही. कुंडीतलं रोप द्यायचं नाही. आणि माफिसा तर नाहीच नाही.

माफिसा म्हणजे आपली गुरं दुसऱ्याच्या गोठ्यात सांभाळायला देणं. मालकी आपली, दूध त्याचं. चांगलं सांभाळलं तर एक कालवड त्याची. जनावर मेलं तर त्यानं कातडं आणून दाखवायचं, की बाबा रे, विकलं नाही, खाल्लं नाही, मेलंच. आमच्याकडे माणसाची पत त्याच्या स्वतःच्या गुरांवर मोजत नाहीत, त्याच्याकडे दुसऱ्यांची किती आहेत यावर मोजतात. केसेन्त्सेंगकडे बारा वर्षांत कुणी मांजरही ठेवलं नव्हतं. तिनं आपल्यापुरत्या एकोणीस गावठी कोंबड्या पाळल्या होत्या. त्यांत एक एकडोळी तांबडी होती, ती रात्री केसेन्त्सेंगच्या खिडकीच्या कठड्यावर झोपायची.

तर एप्रिलमध्ये संस्थेच्या डॉक्टर एल्साबे आल्या. गोऱ्या, उंच, आणि आमची सेत्स्वाना भाषा आमच्या पाद्र्यापेक्षा स्वच्छ बोलणाऱ्या. बारा अंगणांत पानांची लस टोचून बघायची होती. अर्ध्या अंगणांना खरी लस, अर्ध्यांना नुसतं घोटलेलं तेल. कुणाला काय ते कुणालाच सांगायचं नाही, टोचणाऱ्यालाही नाही. दुसरी कसली लस द्यायची नाही. कोंबडी कुंपणाबाहेर न्यायची नाही. अंडी दर आठवड्याला तुमिसांग येऊन घेऊन जाईल. तुमिसांग म्हणजे डॉक्टरबाईंचा हाताखालचा माणूस, पोट सुटलेला, दोन लेकींचा बाप, आणि कोंबड्यांना भिणारा.

हे सगळं लिहिलेले सहा कागद होते. खोत्लाच्या झाडाखाली, जिथे गावचे निवाडे होतात तिथे, ते वाचून दाखवायचं काम गादिफेलेकडे आलं, कारण ती संस्थेची बाई. तिनं पाच कागद खणखणीत आवाजात वाचले. सहाव्याशी आली तेव्हा तांबडा चहा आणि तळलेले मैद्याचे गोळे आले. लोकांच्या माना तिकडे वळल्या. गादिफेलेचीही वळली. तिनं कागद घडी करून म्हटलं, "बाकी नेहमीचंच आहे." आणि आठ जणांनी अंगठे उठवले, चार जणांनी सह्या केल्या, आणि गोळे गरम असतानाच संपले.

तो सहावा कागद तिनंही वाचला नव्हता. हे लक्षात असू द्या.

टोचणीच्या आदल्या दिवशी दुपारी काचघराच्या थंड खोलीत बारा पेट्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर अंगणाचा आकडा. गादिफेलेला फरशी पुसायला पाठवलं होतं. सात नंबर तिचा, आठ नंबर केसेन्त्सेंगचा. बाटल्या सारख्या, बुचं सारखी, आत दुधासारखं पांढरं. डॉक्टरबाईंना ते सारखं दिसायचं. तुमिसांगला सारखं दिसायचं. पण नऊ वर्षं जिनं त्या पानांचा रस बोटांवरून घासून काढलाय, तिला दुधात पडलेला पानाचा थेंब दिसतो. आठ नंबरच्या दुधाला हिरवट झाक होती, शिळ्या जखमेभोवती असते तेवढीच. सात नंबरचं दूध निखळ पांढरं होतं.

गादिफेलेनं फडकं पिळलं. पुन्हा पाहिलं. पेट्या बदलायचा विचार तिच्या मनात आला, पण कोपऱ्यात छताला कॅमेरा होता. मग तिला सुचलं की पेट्या बदलता येत नसतील तर कोंबड्या बदलता येतात. मोजणी आणि पायात कड्या, दोन्ही उद्याच व्हायच्या होत्या.

ऊन कलायच्या आत ती कुंपणाशी उभी राहिली.

"वन्सं, आहात का घरात?"

"कुठं जाणार, वहिनी. बोला." केसेन्त्सेंग मक्याचं पीठ चाळत होती. गादिफेलेनं तिला 'वन्सं' म्हणून चार महिने झाले होते. एरवी ती 'अहो' म्हणून भागवायची.

"आई स्वप्नात आली होती माझी."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझ्या कोंबड्या तुझ्यापाशीच किती दिवस ठेवणार. नवऱ्याच्या घरी माणूस नाही का. माफिसाला द्यायच्या म्हणाली."

चाळणी थांबली.

"कुणाला?"

"आता इथं मी कुणाशी बोलतेय?"

केसेन्त्सेंगनं हात एप्रनला पुसले, मग पुन्हा पुसले. "माझ्याकडे? वहिनी, लोक काय म्हणतील ठाऊक आहे ना. माझ्या हाताला..."

"लोकांचं काय घेऊन बसलात. लोक माझ्या बुटांवरही बोलतात. चोवीस आहेत, घेऊन येते सगळ्या. आणि तुमच्या एकोणीस माझ्याकडे द्या. घरचंच आहे, एकमेकींच्या सांभाळू. माझं खुराडं पक्कं आहे, पत्र्याचं."

"एकडोळी नाही जमायची तुमच्याकडे. ती कठड्यावर झोपते."

"सगळ्या द्यायच्या, वन्सं. अर्धवट माफिसा नसतं."

केसेन्त्सेंग रडली. गादिफेलेनं ते पाहिलं आणि वाट पाहिली, जशी हंड्यातली हवा निघेपर्यंत वाट पाहतात. मग दोघींनी मिळून टोपल्यांतून कोंबड्या इकडच्या तिकडे केल्या. केसेन्त्सेंगनं रीतीप्रमाणे साक्षीला गावप्रमुख रा मोथिबींना बोलावलं. गादिफेलेला हे नको होतं, पण नाही म्हणता येईना. रा मोथिबी काठी टेकत आले, कोंबड्यांकडे पाहून म्हणाले, "कोंबड्यांचं माफिसा साठ वर्षांत पाहिलं नाही. पण चार पायांचं चालतं तर दोन पायांचं का चालू नये." आणि साक्ष झाली.

दुसऱ्या दिवशी टोचणी झाली. बोडक्या मानेच्या चोवीस जणींना आणि त्यांच्या कोंबड्याला हिरवी झाक मिळाली. एकोणीस जणींना तेल मिळालं.

पुढचे चार महिने केसेन्त्सेंग जी काही आनंदात होती, ते सांगायला संकोच वाटतो. ती पहाटे उठून अंगण झाडायची, पाणी दोनदा बदलायची, मक्याचे दाणे दगडावर फोडून द्यायची. नळावर मान वर करून यायची. "माझ्याकडे माफिसाच्या आहेत ना, उशीर होतो," असं कुणी न विचारता सांगायची. बायका तोंडावर हात धरून हसायच्या. एक जण म्हणाली, "बघ हं, मोजून ठेव, रोज एक कमी होईल." एकही कमी झाली नाही.

ऑगस्टमध्ये वारा सुटला, लाल धूळ उडाली, आणि धुळीबरोबर मानमोडी आली. आधी टॅक्सी थांब्याजवळच्या घरात, मग शाळेमागे, मग सात नंबरच्या अंगणात.

पहिल्या दिवशी तीन कोंबड्या तोंड उघडून श्वास घ्यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी हिरवं हगू लागल्या. चौथ्या दिवशी माना फिरल्या. डोकं पाठीवर, डोळा आभाळाकडे, आणि जागच्या जागी गिरकी. कुंपणापलीकडे, एका हाताच्या अंतरावर, बोडक्या मानेच्या चोवीस जणी धुळीत अंघोळ करत होत्या.

केसेन्त्सेंग कुंपणाला धरून उभी असायची.

"वहिनी, तांबडी द्या माझी इकडे."

"देता येत नाही. पायात कडी आहे. कुंपण ओलांडलं की डॉक्टरबाईंचा हिशेब चुकतो."

"नुसती बघते. हातात घेते."

"तुमच्याकडे माझ्या आहेत ना धडधाकट. रोग न्यायचाय का त्यांच्यात?"

ह्यावर केसेन्त्सेंग हात मागे घ्यायची. गादिफेलेला ठाऊक होतं की ह्या एका वाक्यावर ती हात मागे घेणार. तिच्या स्वतःच्या कोंबडीपेक्षा तिला माफिसाच्या कोंबड्यांची जास्त काळजी होती. म्हणून ती हे वाक्य रोज म्हणायची.

एकडोळी सगळ्यांत शेवटी राहिली. तीन दिवस मान मोडून खुराड्याच्या दाराशी फिरत होती, एकच डोळा, आणि तोही आभाळात. तिसऱ्या दिवशी केसेन्त्सेंग म्हणाली, "निदान सोडवा तिला. तुमच्या हातानं मुरगाळा, मी तोंड फिरवते."

"किती दिवसांनी मेली ते लिहायचं असतं," गादिफेले म्हणाली. "मी मारली तर काय लिहू?" आणि चहाचा पेला घेऊन पायरीवर बसली. खरं म्हणजे तुमिसांगनं तिला सांगून ठेवलं होतं की म्मा, फार तळमळत असेल तर फोन करा, मी येऊन सोडवतो. फोन तिच्या खिशात होता. ती चिडली होती इतकंच. नणंदेवर का, हे तिलाही सांगता आलं नसतं. कुंपणाशी रोज उभं राहून ती बघत होती, हाच तिचा गुन्हा असावा.

मेलेल्या कोंबड्या तुमिसांग पिशव्यांतून नेत होता. पण रीत ती रीत. गादिफेलेनं प्रत्येकीचे पाय आधी कापून घेतले, कडी तेवढी त्याच्याकडे दिली, आणि एकोणीस जोड पाय तारेत ओवून कुंपणावरून दिले. कातड्याच्या जागी पाय.

"मोजून घ्या, वन्सं. विकल्या नाहीत, खाल्ल्या नाहीत."

केसेन्त्सेंगनं मोजले. एकडोळीचा डावा अंगठा वाकडा होता, त्यावर तिचं बोट थांबलं. "वहिनी, तुमच्या मात्र एकीलाही काही झालं नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात संशय नव्हता. भीतभीत का होईना, अभिमान होता. गादिफेलेनं मान हलवली आणि घरात जाऊन झोपली, आणि छान झोपली.

ऑक्टोबरमध्ये खोत्लाच्या झाडाखाली सगळे जमले. डॉक्टर एल्साबेंनी आकडे उघडले. तुमिसांगनं एकेक वाचला. हिरव्या लशीच्या सहा अंगणांत शंभराहून जास्त कोंबड्यांतल्या चार मेल्या होत्या. तेलाच्या अंगणांत जवळजवळ सगळ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ज्यांच्या मेल्या त्यांनी सुद्धा.

"अंगण सात, तेल. अंगण आठ, लस," तुमिसांग म्हणाला.

टाळ्या थोड्या विरळ झाल्या. दोन-तीन माना गादिफेलेकडे वळल्या. रा मोथिबींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. केसेन्त्सेंग मागे बसली होती, मांडीवर एक झाकलेली टोपली.

मग डॉक्टरबाईंनी सहावा कागद काढला.

"आता शेवटचं. हे तुम्हाला एप्रिलमध्ये वाचून दाखवलेलंच आहे," त्या म्हणाल्या. "ह्या लशीला सरकारचा परवाना अजून नाही. म्हणून टोचलेली कोंबडी किंवा तिचं अंडं कुणाच्या पोटात जाता कामा नये. कड्या घातलेल्या सगळ्या कोंबड्या आज आम्ही नेऊ, त्यांना त्रास न होता मारू, आणि बदल्यात प्रत्येक अंगणाला वीस-वीस पिल्लं देऊ. गाडी आणलेली आहे."

मग एक म्हातारी म्हणाली, "गादिफेले, हेच का ते नेहमीचं?"

गादिफेलेला ऐकू आलं नाही. तिचे ओठ हलत होते. ती कोंबड्या मोजत होती. चोवीस आणि कोंबडा. कपाटातले तीन आठवडे. तिला वाटलं उठून म्हणावं की त्या माझ्या आहेत, त्यांच्यासाठी मी कशावर सही केलेली नाही. पण आठ नंबरच्या कागदावर सही केसेन्त्सेंगची होती. आणि माझ्या तिथे कशा गेल्या म्हणून कुणी विचारलं, तर आदल्या दुपारची थंड खोली आणि फरशी पुसायचं फडकं, सगळंच बाहेर आलं असतं.

तेव्हा केसेन्त्सेंग उठली. ती खोत्लावर कधी बोलली नव्हती, त्यामुळे तिचा आवाज कुणाच्या ओळखीचा नव्हता.

"रा मोथिबी, मला वहिनींना एक विचारायचंय. माफिसाचं आहे, म्हणून इथंच विचारते."

"विचार, पोरी."

"चांगलं सांभाळलं तर सांभाळणाऱ्याला एक वासरू मिळतं ना? मी न विचारता घेतलं. एक खुडूक बसली होती, तिच्याखालची अंडी मी तुमिसांगला दिली नाहीत." तिनं टोपलीवरचं फडकं जरासं उचललं. आत चार पिल्लं होती, चारही बोडक्या मानेची. "ह्यांना कुणी टोचलेलं नाही. कड्या नाहीत."

गादिफेले अर्धवट उठली होती. कुणीही सांगू शकलं असतं की ह्या क्षणी तिला त्या टोपलीशिवाय जगात दुसरं काही दिसत नव्हतं.

"वहिनी," केसेन्त्सेंग म्हणाली, "टोचणीच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्याकडे आलात. कुठली बाटली कुठल्या अंगणाची, तुम्हाला ठाऊक होतं का? हो म्हणा, आणि टोपली घेऊन जा. मला काही नको. मला फक्त ऐकायचंय."

डॉक्टर एल्साबेंनी वहीतून मान वर केली. तुमिसांगनं गादिफेलेकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. एक पिल्लू ओरडलं. गादिफेलेनं डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांच्यामागे, रस्त्यापलीकडे चमकणाऱ्या काचघराकडे पाहिलं. नऊ वर्षं. मग टोपलीकडे.

"नाही," ती म्हणाली. "मला कसं ठाऊक असणार. मी फरशी पुसते."

केसेन्त्सेंगनं मान हलवली, जणू तिला तेच ऐकायचं होतं. फडकं नीट पांघरलं, टोपली उचलली, माणसांमधून वाट काढत डॉक्टरबाईंसमोर गेली आणि ती त्यांच्या हातात दिली.

"ही लशीच्या अंड्यांतून निघालेली आहेत. नियमात बसत नाहीत. ही पण लिहून घ्या."

दुपारी गाडी गेली. चोवीस, कोंबडा, आणि चार. गादिफेले रस्त्याच्या कडेला हिरव्या बुटांत उभी होती. गाडीच्या जाळीतून एक लाल मान बाहेर आली होती, तेवढी दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली. मग कामावर गेली, कारण त्या दिवशी सातव्या दिवसाची पानं होती.

डॉक्टर एल्साबे कच्च्या नव्हत्या. त्यांनी तिला काही विचारलं नाही, सात आणि आठ ही दोन अंगणं वहीतून खोडली, आणि तेव्हापासून नुसत्या तेलातसुद्धा साध्या पानांचा रस घोटतात, म्हणजे दोन्ही बाटल्या सारख्याच हिरवट दिसतात. फरशी आता दुसरी बाई पुसते. गादिफेले पानं तोडते. संस्थेनं दिलेली वीस पिल्लं तिच्या अंगणात मोठी झाली. सगळी एकसारखी तपकिरी, मानेवर भरपूर पिसं. ती त्यांच्याशी बोलत नाही.

आणि गावाची गंमत ऐका. सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं की मानमोडीच्या ऐन भरात केसेन्त्सेंगच्या हातची एक कोंबडी मेली नाही. लशीचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही आधी एका म्हातारीनं दोन शेळ्या तिच्याकडे ठेवल्या, मग रा मोथिबींनी एक गाय. आज तिच्या अंगणात पाच घरांची जनावरं आहेत, आणि परवा कुणीतरी तिच्या मांडीवर तान्हं मूल ठेवून नळावर गेलं. एकोणीस जोड पायांची तार तिनं कुंपणावरच टांगून ठेवली आहे, गादिफेलेच्या दाराकडे तोंड करून. वाऱ्यानं ती वाजते.

परवा नळावर बायकांनी गादिफेलेला गाठलं. सुरुवात कुणी केली ते सोडून द्या. "म्मा, वन्संनी तुझं वाटोळं केलं की गं. एवढी पिल्लं हातात होती, एक तरी द्यायची होती. का तूच तिचं केलंस? खरं काय ते सांग, आता कुणाला कळणार आहे."

गादिफेलेनं बादली भरू दिली, तोटी बंद केली, बादली डोक्यावर घेतली आणि मग म्हणाली:

"बारा वर्षं तुम्ही म्हणत होता तिच्या हाताला जीव टिकत नाही. माझ्या चोवीस तिच्याकडे टिकल्या म्हणून आज तिच्या दारात गाय बांधलीय. हे नाव तिला मी मिळवून दिलं, तुमच्यापैकी कुणी नाही. तिचं नाव मी सांभाळून वाढवलं, म्हणजे माफिसाच्या हिशेबानं तीच मला एक वासरू देणं लागते."